कोपरा नसलेलं घर

त्या सुताराला सगळे गुण्यामिस्त्री म्हणत. काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या कायम त्याच्या खिशात. बायको वैतागून म्हणायची, "पाहुण्यांकडे गेलं तरी यांचं लक्ष माणसांकडे नाही, दाराच्या चौकटीकडे!" कुठे काही तिरकं दिसलं की त्याला जेवण गोड लागत नसे. अशा माणसाला समुद्रकाठच्या त्या बंगल्यातून बोलावणं यावं, म्हणजे कमालच झाली.

बंगला कसला, एकाला एक चिकटलेले पांढरे बुडबुडे! भिंती गोल, छत गोल, खिडक्यासुद्धा गोल. दार हात लावायच्या आधीच बाजूला सरकायचं, दिवे माणूस बघून लागायचे. मालकाने पैसा पाण्यासारखा ओतला होता. गुण्यामिस्त्रीने सवयीने गुण्या बाहेर काढला, चौफेर नजर फिरवली आणि निमूटपणे परत खिशात घातला.

काम मालकाच्या आईच्या खोलीत होतं. वडील गेल्यावर मुलाने तिला इथे आणलं आणि तिने आपलं सागवानी कपाट आणलं. गोल भिंतीला ते काही केल्या टेकेना. मागे हातभर फट राही.

"मागच्या दोन्ही कडा कापा, म्हणजे नीट बसेल," मालक म्हणाला. "नाहीतर काढूनच टाकू."

आई पलंगावर बसली होती, शेजारी बांधलेलं गाठोडं. "कपाटाला करवत लागली तर मी माझ्या जुन्या घरी परत जाणार. एकटी राहीन."

"आई, असं काय गं करतेस?" म्हणेपर्यंत मालकाचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला.

गुण्यामिस्त्रीने मापं घेतली. करवत काही त्याच्याने उचलवेना. "आजी, कपाट एवढं जिवाभावाचं?"

"कपाटाचं काय घेऊन बसलात! हे गेल्यावर मी त्याच्या आडोशाला, कोपऱ्यात बसायचे. तिथे रडलं तरी कुणी बघत नव्हतं. इथे कुठेही बसा, सगळं उघडं. डोळे जरा ओले झाले की हा डॉक्टरला फोन लावतो."

आयुष्यभर मिस्त्रीने शेकडो कोपरे अचूक जुळवले होते. ते माणसाला कशाला लागतात, हे मात्र त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्याने कपाट उभ्याउभ्याच फिरवलं, एक बाजू भिंतीकडे केली. पाठीला काटकोनात एक उंच फळी ठोकली आणि गुण्या लावून पाहिला. केसाचाही फरक नव्हता. आजी गाठोड्यासकट त्या नव्या कोपऱ्यात शिरली, पाय पोटाशी घेऊन बसली, आणि कितीतरी दिवसांनी तिला मोकळेपणाने रडू आलं. मिस्त्री पाठ फिरवून उगाच खिळे गोळा करत राहिला.

तेवढ्यात मालक आला. पलंग रिकामा बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आई! आई गेली?"

"इथेच आहे रे."

त्याने डोकावून पाहिलं. एवढ्या देखण्या खोलीत कपाट भिंतीपासून थेट मध्ये आलेलं! मिस्त्री बोलणी खायच्या तयारीत उभा राहिला. पण मालक फळीपाशी जमिनीवरच बसला. वडील गेल्यापासून त्याचेही डोळे कुणी ओले पाहिले नव्हते.

"मिस्त्री," तो म्हणाला, "इथे दोघं बसतील एवढी जागा होईल?"

"होईल की साहेब. फळी वीतभर बाहेर घेतो."

"फळीला हात लावू नका," आतून आजी म्हणाली. "त्यालाच जवळ सरकू दे."