नकाशांच्या खोलीतली झोप

हे मी आजवर कुनापाशी बोलले न्हाय. नवऱ्यापाशी न्हाय, आईपाशी न्हाय. देवापुढं हात जोडले तरी दुसरंच काय तरी मागून उठते. आता लिवतेय ते बी धाकटं मांडीवर निजलंय तवर. ते जागं झालं की हे ऱ्हाऊन जाईल, आन मग माझ्यानं पुन्यांदा धीर व्हायचा न्हाय. अक्षर समजून घ्या. शाळेत मी दुसरीपतोरच गेलते.

निपाणीत मुलींची शाळा हाय, मी तिथं कामाला. शाळा संस्थेची. संस्था लई मोठी — हितनं पार खानापुरापतोर तिच्या शाळा, बोर्डिंगं, बेळगावात कचेरी. मी पानी भरायला आन झाडायला लागले तवा थोरली चार महिन्यांची व्हती.

आधी चांगलं सांगते. माझी सासू, नवरा, दोघंबी तंबाखूच्या वखारीत. सांजंला घरी येऊन खोकत बसायची. मला मातूर वर कौलं, नाकात धूळ न्हाय. उन्हाळ्याच्या सुट्टीतबी पगार. पोरगी मोठी झाली की तिला फी माफ. आन रस्त्यानं जाताना लोक म्हनायचे, शाळेतल्या बाई निघाल्या. पानी भरनारीला बाई म्हनायचे. लई गोड लागायचं मला ते — खोटं कशाला बोलू?

आन वाईट? वाईट हे, की संस्था म्हंजे कोन ते कधी दिसायचं न्हाय. काम जास्तीचं आलं की मोठ्या बाई म्हनायच्या, "आपली संस्था आहे, करायला हवं." आपुन काय मागाय गेलं की, "संस्थेचा नियम आहे." मागताना ती आपली नसायची. दुसरं म्हंजे बदली. कुनी जास्ती बोललं की त्याला जांबोटीला धाडायचे. तिथं डोंगरात संस्थेची बारकी शाळा, चार महिने नुसता पाऊस. जांबोटीचं नाव निघालं की मास्तरसुद्धा गप व्हायचे.

एक नियम असा — तान्हं पोर शाळेत आनायचं न्हाय. मग ठेवायचं कुठं? मी आनायची. सगळ्यांच्या आधी, झाडायच्या वक्ताला, पदराखाली. मोडके बाक आन गुंडाळलेले नकाशे ठेवायची एक खोली व्हती, तिथं दुपारपतोर कोन फिरकायचं न्हाय. तिथं निजवायची. आन तिनं रडू नये म्हनून — कसं लिवू — आफू. मव्हरीच्या निम्मी, बोटावर, दुधातनं. वखारीतल्या बाया देत्यात तशी. सगळ्याच देत्यात, असं मला म्हनता येईल. पन मी माझं सांगाय बसलेय.

गंगाक्का आमच्या शाळेची बोलवनारी. सकाळी घरोघर जाऊन पोरी गोळा करून आनायच्या, सांजंला पोचवायच्या, हे तिचं काम. लहानपनीच नवरा गेलेली, पन्नाशीची, घरी आंधळी आई. दुसरीतलं इसरलेलं अक्षर मला तिनंच पुन्यांदा लावलं, दुपारच्या सुट्टीत, फुटक्या पाटीवर. 'ळ' काय मला जमायचा न्हाय. म्हनायची, "ह्यो ळ हाय व्हय गं? चिखलात बसलेली म्हस दिसतीया."

एक दिवस तिनं नकाशांच्या खोलीत पोरगी बघितली. हाक मारली, हलवली. उठंना. गंगाक्कानं आरडाओरडा केला न्हाय. उराशी धरून, तोंडावर गार पानी लावत, जागी हुईस्तवर बसली. मग मला म्हनली, "उद्यापासनं हे बंद. काय करायचं ते मी बघते."

बंद केलं का मी? दोन दिस केलं. तिसऱ्या दिसाला पोरगी लई रडाय लागली.

त्याच आठवड्यात बेळगावास्नं संस्थेचे चिटनीस आलते. सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं आन म्हनले, संस्थेत काय आवडतं, काय आवडत न्हाय, मोकळं बोला. शिकवनाऱ्या बाई म्हनल्या, सगळं उत्तम. शिपाई म्हनला, सगळं उत्तम. चिटनीस हसले. "मग मी काय निपाणीचा चहा प्यायला आलो?"

तवा गंगाक्का उठली.

"नोकरी चांगली हाय सायब. पन तान्ह्या पोराच्या आईला दुपारी घरला जाऊन पाजून यायची मोकळीक न्हाय. मग बाया पोरांना आफू घालून निजवत्यात. एखादं पोर उठायचं न्हाय."

"कोण बाई?"

"ते मी सांगायची न्हाय. इचारू बी नगा."

पन शाळेत अंगावर पाजनारी मी एकटीच व्हते. सगळी माझ्याकडं बघाय लागली.

मला आत बोलवलं. मोठ्या बाई शेजारी उभ्या. चिटनीस दरडावून बोलले न्हाईत, बसायला सांगितलं, मऊ आवाजात इचारलं. त्येंनी दरडावलं असतं तर आज मला तेवढं तरी म्हनता आलं असतं. मी म्हनलं, न्हाय सायब, पोरगी घरी सासूपाशी असती. तिथं थांबले असते तरी चाललं असतं. पन मी पुढं बोलले. गंगाक्काला रचून सांगायची खोड हाय, म्हनलं.

"लिहिता येतं?"

येतं, म्हनलं. आन मला — त्या वक्तालाबी — जरा बरं वाटलं. तीन वळी लिवल्या. 'माझं बाळ घरी असतं. आफू मी कधी दिली न्हाय. गंगाक्का खोटं बोलती.' खाली नाव लिवलं. भिताडापलीकडं पोरगी निजली व्हती.

मग गंगाक्काला आत बोलवून कागद तिच्या हातात दिला. तिनं वाचला. नकाशांची खोली तिथनं दहा पावलांवर. उठून दार उघडलं असतं, तर माझं काय ऱ्हायलं असतं? हे तिलाबी ठावं व्हतं. तिनं कागद परत दिला. माझ्याकडं बघून म्हनली, "ळ चांगला काढलास."

म्हैन्याच्या आत तिची बदली झाली, जांबोटीला. आंधळ्या आईला बैलगाडीत घालून गेली. म्हातारीनं पहिला पावसाळा काढला न्हाय, असं गाडीवाल्यानं येऊन सांगितलं. मी त्याला पानी दिलं, दुसरं काय इचारलं न्हाय.

बोलवनारीचं काम मला मिळालं. दुसऱ्या वर्षी संस्थेचा कागद आला, अंगावरच्या पोराच्या आईला दुपारी घरी जाऊ द्यावं म्हनून. सासूची वखार आता सुटलीया, धाकटं तिच्यापाशी असतं, त्याला मी तशीच जाऊन पाजते. थोरली लई उशिरा बोलाय लागली. कशानं, ते मला ठावं न्हाय. मी कुनाला इचारलेलंबी न्हाय.

सहा वर्सं झाली. घराघरातल्या म्हाताऱ्या अजून इचारत्यात, कुनी मराठीत, कुनी कानडीत — गंगाक्का का गं गेली? आज सकाळीबी एकीनं इचारलं, नातीची येनी घालता घालता. मी म्हनलं, तिनंच मागून घेतली बदली. डोंगरातली हवा मानवती म्हनं तिला.

म्हातारी म्हनली, "मानवली म्हंजे झालं."

मी पोरीचा हात धरला आन पुढच्या दाराला हाक मारली.