दाजी ओरडत नसत

विकेटकीपर म्हटला की तोंड चालू असणारा माणूस, असं आपण समजतो. आमचे दाजी स्टंपमागे दिवसभर गप्प उभे असत. बॅटची कड लागून चेंडू हातात आला तर ते तो उजव्या हातानं छातीपर्यंत उचलून धरत आणि अंपायरकडे बघत. बस, एवढंच त्यांचं अपील. कड लागली नसेल, किंवा चेंडू आधी जमिनीला टेकला असेल, तर बॉलर गळा फाडून ओरडत असतानाच दाजी मान हलवून "नाय" म्हणत आणि चेंडू स्लिपकडे टाकून देत.

आमच्या संभाजीनगरात ज्यांनी रविवारचं मैदानी क्रिकेट खेळलं आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. त्या सामन्यांना अंपायर बाहेरून आणत नाहीत. बॅटिंग करणाऱ्या संघातलेच दोघं, ज्यांची पाळी लांब आहे ते, डोक्याला रुमाल बांधून उभे राहतात. म्हणजे आपल्याच माणसाला आऊट द्यायचं. त्यामुळे भांडणं ठरलेली. स्टंप उपटून माणसं एकमेकांच्या अंगावर धावलेली मी पाहिली आहेत. पण दाजींनी चेंडू उचलून धरला की समोरच्या संघाचा अंपायर आपल्याच सख्ख्या भावाला बोट दाखवी, आणि तो भाऊ बॅट काखेत मारून मुकाट निघे.

हे नुसतं कौतुक म्हणून लिहून संपवता आलं असतं तर बरं होतं. पण दाजींचा हा मान माझ्यामुळे गेला. ते सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायचा मला अधिकार नाही.

ते अजिंठ्याकडच्या एका खेड्यातले. वडील मेंढरं राखायचे. आमच्या फास्ट बॉलरच्या बहिणीशी त्यांचं लग्न झालं आणि शहागंजात त्यांनी ताडपत्रीचं दुकान टाकलं. एका रविवारी मेव्हण्याबरोबर सामना बघायला आले. आमचा कीपर आला नव्हता, म्हणून कोणीतरी त्यांच्या हातात ग्लोव्ह्ज दिले. मेव्हणा त्यांना दाजी म्हणे, म्हणून आम्ही म्हणू लागलो आणि होता होता सगळ्या शहराच्या बहिणीचा नवरा ते झाले. समोरचे बॅट्समन त्यावरून खेचत. एकदा एक जण गार्ड घेता घेता म्हणाला, "काय दाजी, आमची ताई सुखात हाय ना?" दाजी म्हणाले, "ताई सुखात हाय. तू लेग स्टंप झाक." तो हसला आणि पुढच्याच चेंडूवर त्याचा लेग स्टंप गेला. तो जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून दाजी म्हणाले, "सांगितलं व्हतं बाबा."

स्वतःच्या घरच्या माणसाचीसुद्धा त्यांनी कधी बाजू घेतली नाही. एका फायनलला मेव्हण्याच्याच बॉलिंगवर मोठं अपील झालं. अंपायरचं बोट अर्धं वर आलं होतं. दाजी म्हणाले, "नाय लागली." आम्ही तो सामना हरलो. मेव्हणा संतापून म्हणाला, "दाजी, आम्ही तुम्हाला बहीण दिली, तुम्हाला एक विकेट देता येईना?" सगळे हसले, तो हसला नाही. दाजी ग्लोव्ह्ज काढत शांतपणे म्हणाले, "अंपायर लांब असतो, मी जवळ. जवळच्यानंच खोटं सांगितलं तर लांबच्यानं कुणाकडं बघायचं?"

मग शहरात लीग आली. रंगीत कपडे, खेळाडूंचा लिलाव, संघाचे मालक, शहरातलेच पगारी अंपायर, मोबाईलवर थेट सामना. पहिल्या वर्षी गर्दी झाली, म्हणून दुसऱ्या वर्षी दोन संघ वाढवले. वाढलेल्या संघांना खेळाडू अपुरे आणि घाई फार. त्यातला एक संघ ज्या बिल्डरनं घेतला त्याच्याच ऑफिसात मी नोकरीला होतो. वाळूजची माझी कंपनी बंद पडली, मुलगी कॉलेजात होती, तेव्हा याच माणसानं मला ठेवून घेतलं होतं. मैदानावरची माणसं मला ओळखत, म्हणून मालकांनी मला संघाचा मॅनेजर केलं.

लिलावाच्या आधी मी त्यांना दाजींचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "चाळिशी उलटलेला कीपर कशाला?" दाजी संघात यावेत असं मला मनापासून वाटत होतं. मी त्यांची थोरवी सांगू लागलो. म्हणालो, "साहेब, या माणसानं अपील केलं की अंपायर डोळे मिटून आऊट देतात."

मालक फोनवर काहीतरी बघत होते. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"दरवेळी?"

"दरवेळी," मी अभिमानानं म्हणालो.

ते खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "घ्या त्यांना." त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. आता तो आनंद आठवला की अंगावर काटा येतो.

पहिले दोन सामने दाजी आपल्या पद्धतीनं खेळले. मालकांनी मला बोलावून घेतलं. "आपला कीपर मुका आहे का? लोक मोबाईलवर बघतात. आवाज पाहिजे. चेंडू पॅडला लागू दे, नाहीतर हवेतून जाऊ दे, त्यानं ओरडलं पाहिजे. समजावा त्याला. तुमच्या भरवशावर घेतलाय." शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं.

मी दुकानात गेलो. दाजी ताडपत्रीची घडी घालत होते. मी सगळं सांगितलं.

"लागली नाय तरी ओरडायचं?"

"ओरडायचं. आऊट द्यायचं का नाही ते अंपायर ठरवेल. अपील करणं काही गुन्हा नाही, दाजी. टीव्हीवर सगळे करतात."

"व्हय. पण इथला अंपायर मला बघून ठरवतो ना, भाऊ."

मी म्हणालो, "माझी नोकरी त्यांच्याकडे आहे." एवढंच म्हणालो. मी त्यांना सांगितलेली सगळी कारणं खोटी होती, हे एकच खरं होतं. त्यांनी घडी पूर्ण केली, वर दोरी बांधली. मग म्हणाले, "तुमचं घर चालत असंल त्याच्यानं, तर ओरडतो."

त्यांना ओरडता येत नव्हतं. पुढच्या सामन्यात त्यांच्या गळ्यातून जो आवाज निघाला, तो रानात भरकटलेल्या मेंढराला घालतात तसल्या हाळीसारखा होता. आमचीच पोरं खाली मान घालून हसली. अंपायर हसला नाही. त्यानं ताबडतोब बोट वर केलं. चेंडू आणि बॅट यांच्यामध्ये वीतभर अंतर होतं, मला बाहेरून दिसलं होतं. बॅट्समननं अंपायरकडे पाहिलंच नाही. तो दाजींकडे बघत उभा राहिला. मग निघाला. नंतर चहाच्या मांडवात तो आपल्या कॅप्टनला सांगत होता, "मला तर लागल्यासारखं वाटलं नाय. पण दाजी ओरडले म्हणजे लागली असंल."

ते वाक्य ऐकून मी हातातला चहा तसाच ठेवला. तिथंच थांबवायला हवं होतं. पण आम्ही सामना जिंकलो होतो.

आणि पुढचाही जिंकलो. लोकांना वाटे, नवा संघ भलताच नशीबवान आहे. मालकांच्या खुर्चीशेजारी आता काही अनोळखी माणसं येऊन बसू लागली. त्यांना क्रिकेटची गोडी दिसत नव्हती. चौकार गेला तरी ती मान वर करत नसत. पण आमचा बॉलर धावत सुटला की त्यांची नजर दाजींवर खिळे. ती कोण होती हे मी विचारलं नाही. एकदा त्यातल्या एकानं मला विचारलं, "तुमचा तो कीपर, आज खेळतोय ना?" मी म्हणालो, "हो." तो फोनवर कुणाला तरी भाव सांगत लांब गेला.

दाजी बदलत होते. चहाला ते आमच्यात बसेनात. ग्लोव्ह्ज घालूनच सीमारेषेजवळ उभे राहत. मी जवळ गेलो तर म्हणत, "काय नाय, भाऊ. घसा बसलाय जरा." एकदा मात्र म्हणाले, "आता खरी लागली तरी तसंच ओरडतो मी. माझं मलाच कळंना, कोणती खरी व्हती."

सेमीफायनलला सय्यद सर अंपायर होते. शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, शहरातले सगळ्यात जुने अंपायर. रविवारच्या फायनललाही त्यांनाच बोलवत. समोरच्या संघाचा चांगला जमलेला बॅट्समन होता. चेंडू बॅटची कड घेऊन खाली आला, जमिनीला टेकला आणि दाजींच्या हातात बसला. दाजी ओरडले. सवयीनं ओरडले, की मुद्दाम, हे मी त्यांना कधी विचारू शकलो नाही. सय्यद सरांनी बोट वर केलं. तिथून तो सामना आमचा झाला. थेट सामन्याच्या लांबच्या कॅमेऱ्यात काही कळलं नव्हतं, पण सीमारेषेवरच्या कोणीतरी मोबाईलवर बाजूनं चित्रण केलं होतं. संध्याकाळच्या आत ते शहरातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरलं. टेकलेला चेंडू त्यात स्वच्छ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीगच्या ऑफिसात शिस्त समितीसमोर आम्हाला आणि सय्यद सरांना बोलावलं. पुढच्या वर्षी आणखी संघ वाढवायचे होते, त्यामुळे कोणत्याच मालकाला दुखवायचं नाही, हे समितीच्या तोंडावरच दिसत होतं. त्यांनी दाजींना विचारलं, "चेंडू टेकलेला तुम्हाला कळला होता?"

"कळला व्हता," दाजी म्हणाले.

असं उत्तर मिळेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. मग समितीचे अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मॅनेजर, असं अपील करायला संघाकडून कोणी सांगितलं होतं का?"

मी म्हणालो, "अपील करा म्हणून कोण कशाला सांगेल? खेळाडू आपलं आपण करतो."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. बघतील या धास्तीनं मी बसलो होतो, पण पाहिलं नाही. अध्यक्षांनाच म्हणाले, "व्हय. माझं मीच केलं."

दाजींना लीगमधून काढलं. चुकीचा निर्णय दिला म्हणून सय्यद सरांचंही नाव अंपायरांमधून वगळलं. संघाला काही झालं नाही. आम्ही फायनल खेळलो. त्या दिवशी ऑफिसचा जिना उतरताना दाजी सय्यद सरांपुढे हात जोडून उभे राहिले. सरांनी ते हात आपल्या हातांनी खाली केले. म्हणाले, "मियाँ, इत्ते साल मैं गेंद थोड़ी देखता था. तुम्हारा मुँह देखता था." आवाजात राग नव्हता. असता तर दाजींना सोपं गेलं असतं.

नंतर एका रविवारी ते मैदानात आले. पहिल्याच षटकात कड लागली. माझ्या कानांनी मी ती ऐकली. दाजींनी जुन्यासारखा चेंडू छातीपर्यंत उचलून धरला. बॅटिंग संघाचा अंपायर घुटमळला, आणि त्यानं दाजींना सोडून पहिल्या स्लिपला विचारलं, "खरंच लागली का रे?" दाजींनी ते षटक पूर्ण केलं. मग ग्लोव्ह्ज काढून स्टंपजवळ ठेवले आणि म्हणाले, "मागं कुणालाबी उभं करा." ते जाऊन सीमारेषेवर फील्डिंगला उभे राहिले. त्यानंतर मैदानावर आले नाहीत.

मी अधूनमधून शहागंजात जातो. ते चहा मागवतात, पावसाळ्यात माल कसा खपतो ते सांगतात. क्रिकेटचा विषय निघत नाही. एकदा मी धीर करून सुरुवात केली, "दाजी, त्या दिवशी ऑफिसात मी..." त्यांनी मध्येच विचारलं, "तुमचं घर चालतंय ना, भाऊ?" मी म्हणालो, "चालतंय." ते म्हणाले, "मग झालं," आणि गिऱ्हाइकाकडे वळले. त्यांनी मला शिवी दिली असती, तर मी मोकळेपणानं त्यांच्या दारात जाऊ शकलो असतो. आता पायरी चढायच्या आधी बराच वेळ रस्त्यावर उभा राहतो.

यंदा लीगचे संघ पुन्हा वाढले आहेत. मालकांनी भाच्याच्या नावावर दुसरा संघ घेतला आहे. काल त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि म्हणाले, "दाजीसारखा अजून कोणी आहे का? ज्याच्या शब्दावर मैदानात लोक विश्वास ठेवतात, असा?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी मला एक नाव आठवलं. मुकुंदवाडीकडच्या मैदानावर एक फील्डर आहे. झेल घेताना चेंडू टेकला तर तो स्वतःच हात वर करून सांगतो. अलीकडे दोन्हीकडचे अंपायर त्यालाच विचारतात.

मी म्हणालो, "बघतो, साहेब."

मालक हसले. माझ्या 'बघतो'चा अर्थ काय होतो, ते त्यांना चांगलं माहीत आहे.