ट्रकसमोरचे गाऱ्हाणे

लिहायला बसलो आहे खरा, पण त्याबद्दल आधी वाचणाऱ्यांची माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेले नाही, आणि मीही परीक्षेचे पेपर सोडले तर फारसे लिहिलेले नाही. त्यातून लिहायचे आहे ते घरातल्याच माणसांविषयी आणि एका ट्रकच्या फिल्टरविषयी. हा विषय लिहिण्याजोगा आहे की नाही, हेही मला नीट ठरवता आलेले नाही.

ट्रक थोरल्या काकांचा होता. खाणीतून चिरे उचलून घरे बांधणाऱ्यांकडे पोचवायचे, हा त्यांचा धंदा. आम्ही त्यांच्याच घराच्या मागच्या पडवीत राहत होतो आणि बाबा त्यांच्या बागेत राबत. माझा थोरला भाऊ मुंबईला एका गॅरेजात होता. गाड्या धुता धुता तो दुरुस्तीही शिकला होता, पण रात्री गॅरेजच्या दारात फुटपाथवर झोपावे लागे आणि त्या शहराचा त्याला वीट आला होता. त्याला घरी राहायचे होते, एवढेच. त्या दिवाळीत काका त्याला म्हणाले, "ट्रक चालू करून दाखव. ड्रायवर म्हणान ठेवतंय. नाय जमला तर परत मुंबैची वाट धर." मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत घरी आलो होतो. हे बोलणे माझ्यासमोरचे आहे.

पावसाळाभर ट्रक घरापुढच्या खळ्यात, झापांच्या मांडवाखाली उभा होता. सुरू होई, दोन-तीन आचके देई आणि बंद पडे. भाऊ म्हणाला, टाकीतला गाळ फिल्टरमध्ये बसलाय, फिल्टर बदलला की झाले. नवा फिल्टर काकांनी आणूनही ठेवला होता. पण जुना काढायचा तर तो ज्या लोखंडी पेल्यात बसतो तो पेला खाली यायला हवा, आणि पेला धरून ठेवणारा लांब बोल्ट जागचा हलेना. डिझेल गळू नये म्हणून आधीचा ड्रायव्हर तो हातोडीने ठोकून आवळत आला होता. वर गंज. डोक्याच्या कडाही झिजलेल्या.

भावाने बोल्टवर रॉकेल सोडले, हलकेच ठोकले, पुन्हा सोडले. मग पाना खाली ठेवला.

"रातभर रॉकेल मुरांदे," तो म्हणाला. "सकाळी सुटतलो. आता जोर केलो तर तुटात."

काका पायरीवर पान जुळवत बसले होते. "मुरांदे? लोणचा घालतंस काय रे?"

खाणीतली माणसे हसली. ट्रक चालू झाल्याशिवाय त्यांना काम नव्हते, म्हणून ती सकाळपासून खळ्यात येऊन बसली होती.

"काकानू, खराच सांगतंय—"

"हो कॉलेजवालो बसलोहा, तेका इचार." काकांनी माझ्याकडे बोट केले. "काय रे, तुज्या पुस्तकात बोल्ट कसो सोडवतत?"

सगळे पुन्हा हसले.

मग काका उठले. इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कुठल्याही कार्याच्या आधी देवाला गाऱ्हाणे घालतात. एकजण मोठ्याने देवाला सांगतो, मागतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमच्या देवळात गाऱ्हाणे घालायचा मान काकांचा. त्यांच्या डाव्या हाताला बाबा उभे राहत आणि पहिला होकार बाबांचा असे. त्यांच्यामागून गाव बोले.

काकांनी ट्रकच्या नाकाकडे तोंड केले, टोपी सारखी केली, हात जोडले आणि देवळातलाच आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा, आज हो तुजो लेकरू मुंबैसून मोठो मिस्त्री होवन इलोहा."

"व्हय म्हाराजा," खाणवाले हसत म्हणाले.

"तेका एक बोल्ट सुटना नाय."

"व्हय म्हाराजा."

आवाज ऐकून बाबा बागेतून आले. डोक्यावरची पाटी उतरवून ते काकांच्या डाव्या हाताला उभे राहिले. का राहिले ते मला आजही सांगता येत नाही. सवयीने असेल, भीतीने असेल.

"हेच्या हातात जोर नाय, डोक्यात अक्कल नाय. हेच्यासारको निकामी झील कोणाच्याच पोटाक येव नये, असा कर."

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले.

सगळ्यांच्या आधी, नेहमीच्या खणखणीत आवाजात. बाकीचे क्षणभर मागे राहिले आणि मग बोलले.

भावाने बाबांकडे पाहिले. बाबांचे हात जोडलेलेच होते. भावाने पाना बोल्टवर चढवला, पान्याच्या दांड्यावर लांब नळी घातली आणि सगळ्या अंगाने ओढली. बोल्ट तुटला. त्याबरोबर वरचा बिडाचा भागही तडकला आणि डिझेल त्याच्या छातीवर सांडले.

काका रागावले नाहीत. "झाला," ते शांतपणे म्हणाले. खाणवाल्यांकडे हात करून पुढे म्हणाले, "ह्येंच्या पोटार मारलंस." मग खाणवाले हसायचे थांबले आणि त्यांनी भावाला आईवरून शिव्या दिल्या. आई दारातच उभी होती. बाबा नळी उचलून जागेवर ठेवायला गेले.

भाऊ त्याच संध्याकाळी निघाला. आईने कोरडा सदरा आणला, तो त्याने घेतला नाही. नांदगावच्या तिठ्यापर्यंत मी त्याच्यामागून चालत गेलो. तिथे त्याने एका ट्रकला हात केला आणि तो चढला.

मुंबईच्या गॅरेजात तो परत गेलाच नव्हता, हे नंतर कळले. आई तिठ्यावर थांबणाऱ्या ट्रकवाल्यांना त्याचे वर्णन सांगून विचारत राहिली. गावाला मात्र चेष्टेचा विषय मिळाला. बाबा वाटेने निघाले की कुणी तरी विचारी, "काय ओ, सुटलो काय बोल्ट?" आणि दुसरा म्हणे, "व्हय म्हाराजा." बाबाही थोडे हसत. देवळात ते अजून काकांच्या डाव्या हातालाच उभे राहतात.

मला एम. ए. होऊन आता दोन वर्षे झाली. गेल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा काकांच्या आताच्या ड्रायव्हरने मला बाजूला घेतले. तो आमच्याच वाडीतला, भावाला लहानपणापासून ओळखणारा. त्याने सांगितले, बेळगावला जाताना आंबोलीत पावसात त्याची गाडी बंद पडली होती. टपऱ्यांच्या कडेला एक मिस्त्री होता, तो भाऊच निघाला. भावाने त्याला ओळखले, पण घरचे काही विचारले नाही, सरळ ट्रकखाली शिरला. बाहेर चारेक वर्षांची त्याची मुलगी खोक्यावर बसली होती. ड्रायव्हर तिला म्हणाला, "चल गो माज्यावांगडा. तुजो आजो तुका बघून खूश होतलो."

"माजो आजो मेलो," मुलगी म्हणाली. "बाबान सांगल्यान."

हे भावाला ऐकू गेले असणार, ड्रायव्हर म्हणाला. पण त्याने हातातले काम थांबवले नाही.