वळी

मंचरला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत मी काम करतो. लोणीकडची एक म्हातारी एकदा पदरात माती बांधून आली. टेबलावर तिने गाठ सोडली, तर नुसता मुरूम. चिमूटभर घेऊन तिने थुंकीने भिजवला आणि तळहातावर वळी करायला लागली. वळी मोडली. तिने पुन्हा केली, पुन्हा मोडली.

"काळी माती व्हती भाऊ. बोटाएवढी वळी व्हायची," ती म्हणाली.

ती लेकीच्या बाळंतपणाला गेली असताना मुलाने वावरातला वरचा थर खरवडून वीटभट्टीला दिला होता.

"परत तशी व्हायला किती वर्सं लागत्याल?"

"बोटभर थराला शेकडो वर्षं लागतात, आजी," मी म्हणालो. पाठ होतं, बोलून गेलो.

ती बराच वेळ पदराने हात पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "ह्ये कागदावर लिहू नका. पोराला लई पस्तावा झालाय. रोज शेणखत टाकतंय. दोन सालांत व्हईल, असं मीच सांगितलंय त्याला."

अहवालात तसा रकाना नसतोच. मी 'हलकी, उथळ जमीन' एवढंच लिहिलं.