जळजळीचं बटण

आईच्या नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत सोडली होती आणि तिचं दुसरं टोक कमरेच्या छोट्या यंत्राला जोडलं होतं. पोटातलं ॲसिड किती वर येतं, ते दिवसभर मोजायचं होतं. सिस्टरनी बजावलं होतं, "मावशी, जळजळ झाली की हे बटण दाबा आणि वहीत लिहा."

घरी आई पदर तोंडाशी धरून ओठ आवळायची, पण बटणाला हात लावेना.

"अगं, दाब ना!"

"एवढ्याशासाठी? झिजेल ते."

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. सोसणं म्हणजे अन्यायाला साथ देणं, हे मी चौकात ओरडून सांगते. आणि माझ्याच घरात ही बाई सोसण्याला स्वभाव म्हणत आली. मी चिडून भरलं ताट बाजूला सारलं आणि सभेला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी आलेख दाखवला. ॲसिड कितीदा तरी उसळलं होतं, तिथे बटणाची खूणच नव्हती. खूण होती एकच, तीही रेघ शांत असताना.

"मावशी, इथे ॲसिड नाहीच. बटण का दाबलंत?"

आईने वही पुढे केली. 'पोरगी न जेवता गेली.'

"तुम्हीच म्हणालात ना, जळजळ झाली की?"

सिस्टर हसल्या. मला हसता आलं नाही.

घरी येऊन मी आधी जेवले. मग तीच वही उघडून आईसमोर बसले. "आता तुझी जळजळ सांग."

"काही नाही गं," म्हणत ती ताट उचलायला लागली. मी तिचा हात धरून ठेवला.

ताट तसंच ठेवून ती म्हणाली, "लिही. रोजच होते."