असं कोणी न्हाई इथं

लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं आणि जुनं गेलं. तेव्हा पारावर विद्यापीठाच्या नामांतरावरून रोज वाद झडायचे. माझं नामांतर मात्र पाच मिनिटांत उरकलं, मला न विचारता. डी.एड.चा अर्ज मी जुन्याच नावानं भरला, कारण बारावीच्या मार्कमेमोवर तेच होतं. पत्ता दिला सासरचा, मानवतजवळच्या गावाचा. जागा मूठभर, अर्ज पोत्यानं. नंबर लागला तर एखाद्या वाडीवरच्या शाळेत मास्तरीण, नाही तर जन्मभर खुरपं.

एका दुपारी रानातून आले तर सासूबाई शेंगा फोडत बसलेल्या. सहज म्हणाल्या, "पोष्टमन आलता. कुण्या बाईचं रजिस्टर पत्र घेऊन आपल्याच दारात. म्या सांगितलं, असं कोणी न्हाई इथं." आणि त्यांनी ते नाव सांगितलं, लग्नानंतर या घरात कुणी उच्चारलंही नव्हतं ते. माझं.

"अवो, ती मीच की," एवढं कसंबसं म्हणाले आणि पदराचं भान न ठेवता भर गावातून पळत सुटले. नव्या सुनेला असं पळताना बघून लोक ओट्यांवर उभे राहिले. राहू द्या म्हटलं.

पोस्टात पोस्टमास्तर पत्रावर शेरा मारून ते थैलीत टाकायलेच होते. म्हणाले, "तुमीच त्या कशावरून? गाव तं तुमाला दुसऱ्याच नावानं वळखतंय." मार्कमेमो घरी पेटीत, आणि थैली नेणारी एसटी फाट्यावर उभी. मीच मी हाय, हे आता कुणाला विचारून सांगू?

तेवढ्यात सासूबाई धापा टाकत आल्या. "हीच हाय ती. माझी सून हाय. अंगठा कुठं लावायचा ते दावा."

पत्र फोडलं. निवड झाली होती. तीनदा वाचलं तरी खरं वाटेना. खाली लिहिलेलं, उद्या पाचपर्यंत परभणीला हजर न राहिल्यास जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. मी ते मोठ्यानं वाचलं तशा सासूबाई मटकन पायरीवर बसल्या. "म्हंजे आज हे माघारी गेलं असतं तं..." खरं सांगते, त्या घडीला मला त्यांची दया आली नाही.

मास्तर म्हणाले, "आधी घरच्या पुरुषमाणसांना इचारा बाई, मग जा."

सासूबाई उठल्या. "पत्र माघारी धाडताना म्या कुणाला इचारलं व्हतं? सकाळची पयली गाडी किती वाजता हाय, तेवढं सांगा."