वंशावळीला स्वस्त जागा

भाऊकीचं काम एकदा अंगावर घ्या, किस्से आपोआप गोळा होतात. मित्र म्हणतात, सांग ना बे, मजा येते. तुम्हाला येत असेल. मला आजही संताप येतो!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आदिलाबादला माझा कम्प्युटर क्लास, दोन मशीनचा. खोली दादारावकाकाची. तेच आमच्या बेला गावच्या भाऊकीचे अध्यक्ष. वंशावळीचा प्रोग्राम मी लिहिला. नावं दिली गिरजाआत्यानं, माझ्या वडिलांच्या सख्ख्या बहिणीनं. अक्षरओळख नव्हती तिला, पण सात पिढ्या तोंडपाठ! तिचं मागणं एकच. "माहं नाव बी टाकजो बाबू. आन् मले दाखवजो."

*

आता हे ठेवायचं कुठे, की सगळ्या नातेवाइकांना पाहता येईल? मी म्हटलं, अमेरिकेतली एक कंपनी इंटरनेटवर जागा भाड्यानं देते.

काका म्हणाले, "जागा न पाहता भाडं कोन देते? आधी जाऊन पाहू."

"काका, अमेरिका आहे ती!"

"मंग जवळची पाह्य. बेल्याले नाही भेटत काय?"

*

मंग ठरलं, आपल्याच घरी ठेवू. काकाच्या ओसरीत कम्प्युटर बसवला, फोनला जोडला. त्यांच्या यवतमाळच्या भाच्यानं तिकडच्या कम्प्युटरवरून फोन लावायचा आणि वंशावळ पाहायची. साधं काम.

पण घंटी वाजली की काकाची सून धावत जाऊन रिसीव्हर उचलायची. कानात तिकडच्या कम्प्युटरची नुसती किंचाळी! तिसऱ्या दिवशी काकानं रिसीव्हर हिसकून यवतमाळच्या कम्प्युटरला आईबहिणीवरून धुतलं. "सुनेले शिट्ट्या मारतं काय बे!"

कम्प्युटर संध्याकाळी माझ्या क्लासात परत.

*

शेवटी फुकट जागा सापडली. अट एकच, पानावर त्यांची जाहिरात राहणार. उघडलं तर आमच्या मूळ पुरुषाच्या डोक्यावर अर्ध्या कपड्यातली एक गोरी बाई नाचत होती.

भाऊकीची सगळी कमिटी पडद्याकडे वाकली. मी खाली मान घातली.

काका म्हणाले, "फुकट आहे ना? मंग नाचू दे!"

*

फुकटच्या जागेला माप असतं. काकानं फेट्यातले आपले रंगीत फोटो द्यायला सुरुवात केली. बैलजोडीसोबत एक, नव्या मोटारसायकलवर एक, सत्काराचे चार. जागा भरली.

"लेकी काढून टाक," काका म्हणाले. "त्या गेल्या आपापल्या घरी. आपल्या वंशावळीत लेकी असतात काय कधी?"

मी चिडलो. "काका, साऱ्या लेकींची नावं मिळून तुमच्या एका फेट्याएवढी जागा घेत नाहीत! आन् ही वंशावळ सांगितली कोनं? गिरजाआत्यानंच ना?"

"तुहा क्लास बरा चालू आहे ना त्या खोलीत?" काकानं विचारलं. अगदी मायेनं.

कमिटीनं काकाच्या बाजूनं हात वर केले. बटण मी दाबलं. लाज वाटते सांगायला, पण दाबलं. सगळ्या लेकी अर्ध्या तासात साफ झाल्या.

*

पंधरा दिवसांनी आत्या बेल्याहून बसनं आली. नवं लुगडं नेसून. मी स्टूल दिलं, पान उघडलं. नावं इंग्रजी अक्षरांत होती. ती म्हणाली, "वाच."

मी वाचत गेलो. ती प्रत्येक नावाला मान हलवत होती. होता होता आमच्या घरापाशी आलो. माझे आजोबा. त्यांची मुलं. थोरले, मधले, माझे वडील. तिथं ओळ संपत होती.

"आणि गिरजा," मी म्हटलं.

आत्या इतकी हसली! पदरानं तोंड पुसलं, स्टूल ओढून पडद्याला अगदी चिकटून बसली.

"कोनतं व्हय बाबू? बोट ठेव त्याच्यावर."